बर्फवाल्याचा टेक्सासमधला हिवाळा

ओरेस्ट वास्किव थंडीला भिऊन टेक्सासला पळतो, हे टॅमरॅक बेंडमध्ये कुणाला खरं वाटत नसे. एकतीस वर्षं हा माणूस आमच्या गावच्या कर्लिंगच्या रिंगणात बर्फ बनवत होता. जड, गुळगुळीत दगड बर्फावरून सरकवायचा आणि त्याच्यापुढे दोघांनी झाडू मारत धावायचं, असा तो खेळ. आमच्या उत्तरेकडच्या सस्कॅचवान प्रांतात सहा महिने दुसरं काही करण्यासारखं नसतं, म्हणून आम्ही तो जीव तोडून खेळतो. पण खेळणाऱ्यांपेक्षा मान मोठा बर्फवाल्याचा. पाठीवर पाण्याची टाकी, हातात झारी, आणि उलट्या पावलांनी चालत ओरेस्ट सबंध रिंगणावर थेंब शिंपडत जायचा. पंचक्रोशीत त्याच्या बर्फाचं नाव होतं. आपल्याला दुसरं काही येत नाही, हेही तो स्वतःच सांगायचा.

"देवाने मला गोष्टी गार करायची कला दिली आहे," तो म्हणायचा. "बर्फ, चहा आणि बायकोचं प्रेम. तिन्ही मी बघता बघता गार करून दाखवतो."

हे तो व्हर्नाच्या पाठीमागे म्हणत असे, असं मुळीच नाही. व्हर्ना शेजारी बसलेली असतानाच म्हणायचा. ती त्यावर हसायची कधीच थांबली होती, पण बाकीचे हसत होते, त्यामुळे ओरेस्टला त्याचा पत्ता नव्हता.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत व्हर्ना आपल्याच घराच्या मागच्या पायरीवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. पाच आठवडे इस्पितळात गेले, मग काही महिने काठी आली. काठी सुटली, बर्फाची धास्ती मात्र सुटली नाही. लहानपणी गोठलेल्या तळ्यावर भावांना मागे टाकणारी ही बाई नोव्हेंबर ते एप्रिल उंबरठा ओलांडेना. फाटकाजवळच्या पत्रपेटीपर्यंत जायचं तरी ओरेस्टचा दंड घट्ट धरायची आणि नजर खाली, पायांवर. शेवटी ओरेस्टने एक जुनी घरगाडी घेतली. पुढे शेगडी, मागे पलंग आणि मधे दोघांना भांडायला जेमतेम जागा. यापुढे तुझ्या पायाखाली बर्फ येणार नाही, असा त्याने तिला शब्द दिला. शब्द देताना हवामानाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात दोघं हिवाळी पाखरं होऊन सहा राज्यं ओलांडून टेक्सासच्या पार दक्षिण टोकाला जायची. तिथे तोर्तोला पार्कमध्ये आमच्यासारखी आणखी दीडशे म्हातारी पाखरं घरगाड्या लावून उतरतात. ताडाच्या झाडाखालची बारा नंबरची जागा वास्किव मंडळींची.

यंदा मात्र हवामानाचं डोकं फिरलं. नोव्हेंबर लागला तरी टॅमरॅक बेंडला बर्फाचा पत्ता नव्हता. निघायच्या दिवशी चौदा अंश होते आणि ओरेस्ट अर्ध्या बाह्यांच्या शर्टात गाडी चालवत होता. निघताना घरगाडीच्या नळ्यांतलं पाणी काढून त्यात न गोठणारा गुलाबी द्रव भरायचा आणि ओक्लाहोमा ओलांडेपर्यंत नळाला हात लावायचा नाही, असा आमच्या लोकांचा शिरस्ता आहे. तोवर बाटलीच्या पाण्याने दात घासायचे आणि आंघोळीला पेट्रोलपंप शोधायचा. ओरेस्टने दक्षिण डकोटातच गुलाबी द्रव सोडून टाकीत पाणी भरलं.

"ऊन बघ ना," तो म्हणाला. "थंडी मला कळत नाही तर कुणाला कळते?"

थंडीने दुसऱ्याच दिवशी नेब्रास्कात उत्तर दिलं. आकाशातून पाऊस पडत होता आणि जमिनीला टेकताच त्याची काच होत होती. ट्रकवाल्यांच्या थांब्यावर दोन दिवस अडकून पडावं लागलं. गाडीतला पाण्याचा पंप तडकला, नळी फुटली आणि पलंगाखाली ठेवलेलं पिठाचं पोतं भिजून त्याचा लगदा झाला. ओरेस्ट गुडघ्यांवर बसून तो लगदा उपसत होता आणि आपल्यासारखा तज्ज्ञ सहा राज्यांत शोधून सापडायचा नाही, असं मोठ्याने बोलत होता. व्हर्ना त्या दोन दिवसांत दाराबाहेर पडली नाही. खिडकीतून ती चकाकणाऱ्या डांबराकडे बघत राहिली.

"ओरेस्ट, मी एकदाच सांगणार आहे," ती म्हणाली.

"सांग की."

"टेक्सासमध्ये माझ्या पायाखाली बर्फ आला, तर मी तिथून सरळ व्हिक्टोरियाला जाणार. मुलीकडे. कायमची. तिच्याकडे, समुद्रकाठी, फेब्रुवारीत फुलं असतात."

"आणि मी?"

"तू ही गाडी वीक, नाहीतर हिच्यात राहा. यायचं तर ये. पण मी वाट बघणार नाही."

"टेक्सासमध्ये बर्फ फक्त ग्लासात असतो गं," ओरेस्ट म्हणाला.

व्हर्ना हसली नाही. ओरेस्ट पुन्हा लगदा उपसायला लागला. सेहेचाळीस वर्षांत या बाईने एकदा सांगितलेली गोष्ट फिरवल्याचं त्याला आठवत नव्हतं. बारा नंबरच्या जागेवर आपण एकटेच खुर्ची टाकून बसलोय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तो घाबरला. साधासुधा नाही, चांगलाच घाबरला.

डिसेंबर गोडीगुलाबीत गेला. जानेवारीत आमचा जुन्या पंचांगाचा नाताळ झाला, व्हर्नाने पिरोग्या, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या केल्या, पार्कभर वाटल्या. ओरेस्टचा धाकटा भाऊ तारास टॅमरॅक बेंडहून फोन करून जखमेवर मीठ चोळायचा.

"काय रे, तिकडे काय म्हणतंय टेक्सास? इकडे सगळा बर्फ वितळला बघ. अंगणात चड्डीवर उभा राहून मांस भाजतोय. उगाच गेलात एवढ्या लांब पेट्रोल जाळत!"

"तू चड्डीवर उभा आहेस हे शेजाऱ्यांना माहीत आहे का?" ओरेस्ट विचारायचा. पण फोन ठेवल्यावर तो आभाळाकडे बघायचा. उत्तरेची थंडी घरी नाही, म्हणजे ती कुठेतरी फिरायला निघाली असणार, एवढं बर्फवाल्याला समजत होतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती पोहोचली. पार्कची व्यवस्थापक ग्रीसेल्दा गोल्फच्या छोट्या गाडीतून दारोदार फिरून कागद वाटत होती. ग्रीसेल्दाचा जन्म तिथलाच, पन्नाशीची, तिने बर्फ आयुष्यात एकदा बघितला होता आणि तोही दुपारपर्यंत टिकला नव्हता.

"मिस्टर ओरेस्ट, नीट ऐका," ती म्हणाली. "तीन रात्री कडाक्याची थंडी आहे. नळाची नळी काढून ठेवायची. गाडीतली टाकी भरून घ्यायची. बाहेरचा नळ पक्का बंद करायचा आणि त्याला घोंगडं गुंडाळायचं. नळ पक्का बंद. लिहिलंय कागदावर."

"ग्रीसेल्दाबाई, तुम्ही बर्फवाल्याला बर्फ शिकवताय," ओरेस्ट म्हणाला.

"मी कुणालाच काही शिकवत नाही. मी कागद वाटते," ती म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे गेली.

त्यानंतरचे दोन दिवस ओरेस्टच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. सगळं पार्क त्याच्याकडे धावत आलं. शेजारचा हार्लन मिनेसोटाचा, म्हणजे थंडीतच वाढलेला, पण बारा हिवाळे दक्षिणेत काढून त्याचं रक्त पातळ झालं होतं. तो तापमापक हातात धरून आला.

"वीसवर जाणार म्हणे! वीस!"

"तुमचं फॅरनहाइटचं वीस म्हणजे आमचं उणे सात," ओरेस्ट म्हणाला. "उणे सातला आम्ही कोटाची बटणं उघडतो. उणे चाळीसला तोंडातून शब्द निघतात ते गोठून खाली पडतात, वसंतात ऐकायला मिळतात."

"मग पाण्याचं काय करायचं?"

"वाहतं पाणी गोठत नाही. नळ थोडासा सुटा ठेवायचा. बारीक धार. बस्स."

"पण ग्रीसेल्दा म्हणते..."

"ग्रीसेल्दाच्या घरी आंब्याचं झाड आहे रे हार्लन," ओरेस्ट म्हणाला. हार्लनने मान डोलावली आणि घरी जाऊन निमूटपणे नळ पक्का बंद केला. हे ओरेस्टला नंतर कळलं. ओरेस्टचा सल्ला सगळ्या पार्कने ऐकला आणि मानला फक्त ओरेस्टने.

रविवारी दुपारी हॉलमध्ये सगळ्यांचं मिळून जेवण होतं. टेबलांवर दीडशे माणसं, बाहेर ताडांची झावळं वाऱ्याने फडफडत होती, पहिली रात्र सुखरूप गेली होती आणि थंडीचा विषय संपता संपत नव्हता. हार्लनने हाक मारली, "ओरेस्ट, ती सांग ना, व्हर्ना पडली ती!"

ही गोष्ट तोर्तोला पार्कमध्ये दर हिवाळ्याला एकदा तरी व्हायची. ओरेस्ट लगेच उठला.

"तर मी उभा स्वयंपाकघराच्या खिडकीत. हातात कॉफी. व्हर्ना पायरीवर आली, हातात कचऱ्याची बादली. आणि सुटली! अगदी सरळ रेषेत, अंगण ओलांडून थेट कुंपणापर्यंत! एकतीस वर्षांत माझ्या रिंगणात असा दगड कुणी टाकला नव्हता. मी खिडकीतून ओरडलो, झाडू मारा! झाडू मारा!"

हॉल खदखदून हसला. "आणि बादली?" कुणीतरी विचारलं. "बादली पण गुण घेऊन गेली," ओरेस्ट म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले. व्हर्नाने आपली थाळी उचलली आणि सिंककडे गेली. बराच वेळ ती भांडी घासत होती. त्या दिवशी भांडी घासायची पाळी तिची नव्हती.

ओरेस्टने ते पाहिलं. पाहिलं, पण सांगितलेली गोष्ट इतकी रंगली होती की पुढे काही करायचं त्याच्या मनात आलं नाही. संध्याकाळी परत आल्यावर त्याने जागेच्या कोपऱ्यातला नळ बोटभर सोडला, धार नीट पडते का ते वाकून पाहिलं आणि आपल्यावर खूष होऊन दार लावलं.

सकाळी जाग आली ती शांततेने. हीटरचा पंखा बंद पडला होता. वीज पहाटेच कधीतरी गेली असावी, मग बॅटरीवर पंखा चालला असावा आणि मग बॅटरीनेही मान टाकली असावी. आत चार अंश. व्हर्ना दोन रजयांखाली होती, नाकाचा शेंडा तेवढा लाल दिसत होता.

"मी बघून येतो," ओरेस्ट म्हणाला. त्याने दार उघडलं, पायरी उतरून सिमेंटच्या ओट्यावर पाय ठेवला, आणि पुढचं त्याला कळलं तेव्हा तो उताणा पडून ताडाच्या बुंध्याला टेकला होता. डोक्यावर झावळं होती आणि त्यामागे लख्ख निळं आभाळ.

कुठे मोडलंबिडलं नव्हतं. त्याने हात टेकला. हाताखाली बर्फ होता. दारापासून ताडापर्यंत, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकसंध, सपाट, आरशासारखा बर्फ. नळाची बारीक धार रात्रभर ओट्यावर पसरत गेली होती, थरावर थर बसत गेला होता. आधी एक थर, तो गोठू द्यायचा, मग दुसरा, ही तर त्याचीच रीत. खरं सांगायचं तर ओरेस्टच्या मनात पहिला विचार आला तो असा की काय बर्फ झालाय! एकतीस वर्षांत एवढा निर्दोष थर त्याला कधी जमला नव्हता. टॅमरॅक बेंडमध्ये यासाठी त्याला ढाल मिळाली असती.

मग त्याने वर पाहिलं. दारात व्हर्ना उभी होती, त्याचा कोट अंगावर ओढून.

तेवढ्यात ग्रीसेल्दाची छोटी गाडी आली आणि ओट्याच्या कडेला करकचून थांबली. हार्लन तिच्या शेजारी बसला होता, कानटोपी भुवयांपर्यंत ओढून.

"हॉलमध्ये जनरेटर लावलाय, सगळ्यांना तिकडे नेतेय," ग्रीसेल्दा सांगू लागली आणि थांबली. तिने बर्फ पाहिला, कोपऱ्यातला नळ पाहिला, ताडाला टेकलेला ओरेस्ट पाहिला. "मिस्टर ओरेस्ट! हे तुम्ही केलंत?"

"जमलंय ना पण?" ओरेस्ट म्हणाला.

हार्लन हसायला लागला. "अरे, सगळ्या पार्कात एकच बर्फ, आणि तो बारा नंबरवर!"

"नळ पक्का बंद करायला सांगितला होता मी," ग्रीसेल्दा म्हणाली. "कागद दिला होता."

व्हर्ना यातलं काही ऐकत नव्हती. ती पायरीखालच्या बर्फाकडे बघत होती आणि दाराची कड धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती.

"आला, ओरेस्ट," ती म्हणाली.

"अजून पायाखाली नाही आला," ओरेस्ट म्हणाला. "तू आत आहेस ना अजून! कायद्याने बघितलं तर..."

दार बंद झालं. आपटलं नाही, नुसतं बंद झालं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. हार्लनचं हसू ओसरलं.

"इथे मीठ नाही, वाळू नाही, काही नाही," ग्रीसेल्दा म्हणाली. मग तिला आठवलं. "नाल फेकायच्या खेळाचा खड्डा! त्यात वाळू आहे. हार्लन, चला, बादल्या भरू. बसा, बसा." आणि गाडी वळून गेली.

ओरेस्ट हातापायांवर रांगत पायरीपर्यंत आला. उभं राहायचा प्रयत्न दोनदा केला, दोनदा फसला, शेवटी त्याने बसकणच मारली. बंद दारापुढे, पार्श्वभाग बर्फावर, चौऱ्याहत्तर वर्षांचा तज्ज्ञ. नेहमीप्रमाणे तीन विनोद जिभेवर आले. आत चार अंश होते. एवढ्या गारठ्यात ती फार वेळ बसू शकणार नव्हती, आणि बाहेरही येणार नव्हती. हे सगळं त्याने, स्वतःच्या हाताने, नळ वाकून बघून, केलं होतं.

"व्हर्ना, दार उघड. वाळू आणतायत."

"नको."

"गारठशील."

"गारठू दे. तू जा हॉलमध्ये. आज तुला नवी गोष्ट मिळाली ना? सांग जा."

विनोद जिभेवरून गेले. त्यांच्या जागी जे आलं ते चार वर्षं दाबून ठेवलेलं होतं, आणि ते बाहेर काढताना त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

"व्हर्ना. मी त्या दिवशी खिडकीत नव्हतो."

आत पलंग करकरला.

"मी घरीच नव्हतो. रिंगणावर होतो, स्पर्धा होती. तू पाऊण तास पडून होतीस, शेजारची आली तोवर. मी ती खिडकी घातली गोष्टीत, कारण... मी तिथे असायला हवा होतो म्हणून घातली असेल. आणि सकाळी निघताना मला दिसला होता बर्फ. पन्हाळीतून थेंब थेंब पडून पायरीवर जमला होता. सगळ्या गावाला बर्फ करून देणारा मी, मला दिसला होता. म्हटलं, आल्यावर खरवडू."

मग दाराच्या त्या बाजूने, अगदी जवळून, व्हर्नाचा आवाज आला. ती बहुतेक दाराला टेकून खालीच बसली होती.

"मला माहीत आहे."

"कसं?"

"पायरीवर वाळू होती, ओरेस्ट. पडले तेव्हा गाल तिच्यावरच होता माझा. तू जिथून उतरतोस त्या बाजूला टाकली होतीस."

ओरेस्टने डोळे मिटले. डब्यात मूठभरच वाळू उरली होती, घाई होती, आपला पाय पडतो तिथे टाकली आणि निघाला. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही कधी धड सांगितलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होते. एक वर्ष. मग दुसरं. तू गोष्ट करून सांगायला लागलास, आणि लोक हसायला लागले. मला बर्फाची भीती नाही रे वाटत. हाड मोडतं, जुळतं. मला भीती वाटते की मी पुन्हा पडेन आणि तू पुन्हा हसवशील."

ओरेस्टला रडू आलं. आमच्याकडची म्हातारी माणसं रडताना फार वाईट दिसतात, नाक वाहतं आणि थंडीत ते मिशीवर गोठतं. ओरेस्टच्या मिशीवर गोठलं. "माझं चुकलं, व्हर्ना," तो दाराला म्हणाला. "तेव्हा चुकलं, आणि त्यानंतर दर वेळी चुकलं. कितीदा ते मोजलेलंही नाही."

कडी निघाली. पण दार फटीएवढंच उघडलं.

ग्रीसेल्दा आणि हार्लन चार बादल्या घेऊन परतले. ओरेस्टने कुणाला हात लावू दिला नाही. गुडघ्यांवर बसून मुठीमुठीने तो वाळू टाकत गेला, आधी पायरीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग ओट्यावर, मागे मागे सरकत, जसा आयुष्यभर बर्फावर मागे मागे सरकत आला होता. हार्लनने एकदा तोंड उघडलं, पण ग्रीसेल्दाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटून घेतलं.

"डावीकडे राहिलंय," फटीतून व्हर्ना म्हणाली.

ओरेस्टने डावीकडे टाकली.

"अजून."

त्याने अजून टाकली. बादल्या संपल्या तेव्हा ओट्यावर समुद्रकिनारा झाला होता. व्हर्ना दारात आली, खाली पाहिलं, एक पाय पायरीवर ठेवला, मग दुसरा. ओरेस्टने हात पुढे केला. तिने तो धरला नाही. ती एकटीच चालत गेली, हळूहळू, मान ताठ ठेवून, आणि छोट्या गाडीत ग्रीसेल्दाशेजारी बसली. हार्लनला मागे लटकावं लागलं.

ओरेस्ट गाडीच्या बाजूने चालू लागला. थोडं अंतर गेल्यावर त्याने विचारलं, "गाडी विकायची का मग?"

"बघू," व्हर्ना समोर बघत म्हणाली. "आज तिकडे काय सांगतोस ते आधी ऐकते."

हॉलमध्ये जनरेटर घरघरत होता आणि कॉफीची मोठी भांडी चढली होती. हार्लन आधी पोहोचून बोलला असावा, कारण ओरेस्ट आत येताच दोनतीन टेबलांवरून हाका आल्या. "या, बर्फवाले, या! काय झालं बारा नंबरवर?" खुर्च्या वळल्या. व्हर्ना खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती, दोन्ही हात कपाभोवती धरून.

ओरेस्ट मधे उभा राहिला. टोपी काढली. लोक आधीच हसण्याच्या बेतात होते.

"व्हर्ना पडली ती गोष्ट मी तुम्हाला चुकीची सांगितली," तो म्हणाला. "मी खिडकीत नव्हतो, घरीच नव्हतो. पायरीवरचा बर्फ मला दिसला होता. माझ्याकडे मूठभर वाळू होती, आणि ती मी अर्ध्याच पायरीवर टाकली, माझा पाय पडतो त्या अर्ध्या."

कुणी हसलं नाही. हार्लन आपल्या कपात बघत राहिला.

"अर्ध्या नाही, ओरेस्ट," खिडकीजवळून व्हर्ना म्हणाली. "जेमतेम पाव." आणि शेजारची खुर्ची तिने पायाने त्याच्यासाठी मागे सरकवली.